जॉन गारफिल्ड (१९१३–१९५२) : एका अभिनेत्याची कारकीर्द आणि अमेरिकेतील काळी यादी

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेचा इतिहास अभ्यासताना शीतयुद्ध, मार्शल योजना, कोरियातील युद्ध आणि सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांचा उल्लेख हटकून येतो. याच काळात अमेरिकन चित्रपटसृष्टीत जे घडले, ते मात्र बहुधा एखाद्या परिच्छेदात आटोपले जाते. ‘हॉलिवूड टेन’ या नावाने ओळखले गेलेले दहा लेखक-दिग्दर्शक तुरुंगात गेले, ही माहिती सर्वसाधारणपणे असते. परंतु ज्यांच्यावर खटला चालला नाही, ज्यांना कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरविले नाही आणि तरीही ज्यांच्या उपजीविकेचे दरवाजे बंद झाले, अशांची संख्या याहून कितीतरी अधिक होती. अभिनेते जॉन गारफिल्ड हे त्यांपैकी एक होत.

गारफिल्ड यांचे जीवन दोन प्रश्नांच्या अनुषंगाने पाहणे उद्बोधक ठरते. कोणत्या सामाजिक परिस्थितीतून हा अभिनेता घडला, हा पहिला प्रश्न. कायद्याने कोणताही दोष सिद्ध झालेला नसताना त्याची कारकीर्द कशी संपुष्टात आली, हा दुसरा. वरवर पाहता हे दोन प्रश्न भिन्न वाटतात. प्रत्यक्षात ते एकमेकांत गुंतलेले आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ज्या पार्श्वभूमीने गारफिल्ड यांना पडद्यावर मोल मिळवून दिले, तीच पार्श्वभूमी राजकीय हवा बदलताच संशयाचे कारण ठरली.

जन्म, बालपण आणि जडणघडण

जॉन गारफिल्ड यांचे मूळ नाव जेकब गारफिंकल. घरात व मित्रमंडळींत ते अखेरपर्यंत ‘ज्यूली’ या नावानेच ओळखले जात. त्यांचा जन्म ४ मार्च १९१३ रोजी न्यूयॉर्क शहराच्या लोअर ईस्ट साइड या भागात झाला. रशियन साम्राज्यातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांची ही दाट वस्ती होती. त्यांचे वडील कपड्यांना इस्त्री करण्याचे काम करीत आणि सणासुदीला सिनेगॉगमध्ये प्रार्थना गात. गारफिल्ड सात वर्षांचे असताना आई निवर्तली. त्यानंतर नातेवाइकांच्या घरी राहणे, शाळा बुडविणे व गल्लीतील टोळक्यांत मिसळणे असा त्यांचा क्रम सुरू झाला.

ब्राँक्स भागातील एका सार्वजनिक शाळेत त्यांना दाखल करण्यात आले आणि तेथे त्यांच्या आयुष्याला वळण लागले. या शाळेचे मुख्याध्यापक अँजेलो पॅट्री हे स्वतः इटलीतून आलेले स्थलांतरित होते. वाट चुकलेल्या मुलांना शिक्षेऐवजी आवडीच्या कामातून मार्गी लावणे, ही त्यांची शिक्षणपद्धती. या मुलाच्या अंगची धग त्यांनी मुष्टियुद्ध, वक्तृत्व आणि नाटक यांकडे वळविली. पुढे मॉस्को आर्ट थिएटरच्या परंपरेतील अभिनेत्री मारिया उस्पेन्स्काया यांच्या नाट्यशाळेत गारफिल्ड यांनी शिक्षण घेतले. आर्थिक महामंदीच्या आरंभी मालगाड्यांतून व वाटेत भेटेल त्या वाहनातून देशभर भटकंती करून मिळेल ती मजुरीही त्यांनी केली. बेकार तरुण, निवारा नसलेला मजूर, शहरी गल्लीतील मुलगा या ज्या भूमिका त्यांनी पुढे पडद्यावर साकारल्या, त्या अशा प्रकारे आधी जगून झालेल्या होत्या.

ग्रुप थिएटर : नव्या अभिनयाची शाळा

सन १९३१ मध्ये हॅरॉल्ड क्लर्मन, चेरिल क्रॉफर्ड आणि ली स्ट्रासबर्ग यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘ग्रुप थिएटर’ ही संस्था स्थापन केली. एका नटाच्या नावावर नाटक चालविण्याची व्यावसायिक प्रथा त्यांना मान्य नव्हती. कायमस्वरूपी नटसंच, स्तानिस्लावस्की यांच्या विचारांवर आधारलेला अभिनय आणि समकालीन अमेरिकन जीवनावरील नाटके ही या संस्थेची वैशिष्ट्ये होती. महामंदीच्या काळात या नटांपैकी अनेक जण डाव्या विचारांकडे ओढले गेले व काही कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यही झाले. त्या वेळी असे सदस्यत्व बेकायदेशीर नव्हते, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

गारफिल्ड या संस्थेत दाखल झाले ते ‘ज्यूल्स गारफिल्ड’ या नावाने. १९३५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या क्लिफर्ड ओडेट्स यांच्या ‘अवेक अँड सिंग!’ या नाटकातील राल्फ या तरुणाच्या भूमिकेने त्यांना नाव मिळवून दिले. ब्राँक्समधील एका ज्यू कुटुंबाची ही कथा होती. त्याच वर्षी त्यांचा रॉबर्टा सीडमन यांच्याशी विवाह झाला. रॉबर्टा या काही काळ कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्य होत्या. या गोष्टीचे महत्त्व सोळा वर्षांनी प्रकट व्हायचे होते.

ओडेट्स यांनी १९३७ मध्ये ‘गोल्डन बॉय’ हे नाटक लिहिले. व्हायोलिन सोडून मुष्टियुद्धाकडे वळणाऱ्या तरुणाची ही मध्यवर्ती भूमिका आपल्यालाच मिळणार, अशी गारफिल्ड यांची खात्री होती. संस्थेने ती ल्यूथर ॲडलर यांना दिली आणि गारफिल्ड यांच्या वाट्याला टॅक्सीचालक मेहुण्याची दुय्यम भूमिका आली. या निराशेतून त्यांनी हॉलिवूडच्या वॉर्नर ब्रदर्स कंपनीशी करार केला. रंगभूमीवर काम करण्यासाठी सवड मिळावी, अशी तरतूद त्यांनी करारात आवर्जून करून घेतली होती.

वॉर्नर ब्रदर्समधील वर्षे

मायकल कर्टिझ दिग्दर्शित ‘फोर डॉटर्स’ (१९३८) हा गारफिल्ड यांचा पहिला महत्त्वाचा चित्रपट. सुखवस्तू कुटुंबात अवचित येऊन पडलेला, नशिबावर चिडलेला, ओठांत सिगारेट धरून पियानो वाजविणारा मिकी बोर्डन त्यांनी उभा केला. चित्रपटाच्या गोड कथेत ही व्यक्तिरेखा तिरपी बसत होती आणि म्हणूनच ती लक्षात राहिली. साहाय्यक अभिनेत्यासाठीच्या ऑस्कर पुरस्काराचे नामांकन त्यांना मिळाले. कृत्रिम शब्दफेक टाळून अडखळत, विचार करीत बोलण्याची त्यांची रीत प्रेक्षकांना नवी होती. मॉन्टगोमेरी क्लिफ्ट व मार्लन ब्रँडो यांच्या नावाशी जोडली जाणारी अभिनयशैली अमेरिकन पडद्यावर दहा वर्षे आधी आणणाऱ्यांत गारफिल्ड यांचा समावेश करावा लागतो.

तथापि यशाबरोबर बंधनेही आली. तत्कालीन स्टुडिओ व्यवस्थेत कलावंत सात वर्षांच्या कराराने बांधलेला असे. भूमिका नाकारल्यास त्याला वेतनाविना निलंबित करीत आणि निलंबनाचा काळ कराराच्या मुदतीत वाढवीत. ‘दे मेड मी अ क्रिमिनल’ व ‘डस्ट बी माय डेस्टिनी’ या १९३९ मधील चित्रपटांप्रमाणे अन्यायाने गुन्हेगार ठरलेल्या तरुणाच्या त्याच त्या भूमिका गारफिल्ड यांच्याकडे येत राहिल्या. त्या नाकारल्याने त्यांना अनेकदा निलंबन सोसावे लागले. अभिनेत्री ऑलिव्हिया डी हॅविलंड यांनी याच कंपनीविरुद्ध दाखल केलेल्या दाव्यात कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने डिसेंबर १९४४ मध्ये मुदत वाढविण्याच्या या प्रथेस आळा घातला.

युद्धकाळात हृदयदोषामुळे गारफिल्ड सैन्यात जाऊ शकले नाहीत. बालपणातील आजाराने त्यांचे हृदय कमकुवत झाले होते. त्याची भरपाई त्यांनी अन्य मार्गाने केली. बेटी डेव्हिस यांच्यासमवेत त्यांनी स्थापन केलेले ‘हॉलिवूड कॅन्टीन’ ऑक्टोबर १९४२ मध्ये सुरू झाले. आघाडीवर निघालेल्या सैनिकांना तेथे विनामूल्य भोजन व मनोरंजन मिळे आणि नामवंत कलावंत स्वतः वाढपाचे काम करीत. ‘एअर फोर्स’ (१९४३) आणि ‘प्राइड ऑफ द मरीन्स’ (१९४५) हे त्यांचे या काळातील उल्लेखनीय चित्रपट. दुसऱ्या चित्रपटात ग्वाडलकॅनालच्या लढाईत दृष्टी गमावलेला सैनिक अल श्मिड यांची भूमिका त्यांनी केली. त्याचे पटकथाकार अल्बर्ट माल्ट्झ दोनच वर्षांनी ‘हॉलिवूड टेन’पैकी एक ठरले. युद्धात जे देशप्रेम म्हणून गौरविले गेले, त्याचे कर्तेच शांतताकाळात देशद्रोहाच्या संशयाचे धनी झाले, हा विरोधाभास नोंदविण्याजोगा आहे.

स्वतंत्र निर्मिती : ‘बॉडी अँड सोल’ आणि ‘फोर्स ऑफ इव्हिल’

लाना टर्नर यांच्यासमवेतचा ‘द पोस्टमन ऑलवेज रिंग्ज ट्वाइस’ (१९४६) व जोन क्रॉफर्ड यांच्यासमवेतचा ‘ह्यूमरेस्क’ (१९४६) यांनी गारफिल्ड यांची लोकप्रियता कळसास पोहोचली. याच सुमारास वॉर्नर ब्रदर्सचा करार संपला. अधिक मोबदल्याचा नवा करार करणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी मात्र निर्माते बॉब रॉबर्ट्स यांच्यासमवेत स्वतंत्र निर्मितीचा मार्ग पत्करला आणि ‘एंटरप्राइज’ या नव्या स्टुडिओशी सहकार्य केले.

या प्रयत्नाचे पहिले फळ म्हणजे ‘बॉडी अँड सोल’ (१९४७). लेखक अब्राहम पोलॉन्स्की, दिग्दर्शक रॉबर्ट रॉसेन आणि छायालेखक जेम्स वाँग हौ. गरीब ज्यू वस्तीतील एक तरुण मुष्टियोद्धा पैशाच्या मोहाने सट्टेबाजांच्या मुठीत जातो आणि अखेरीस ठरवून हरण्याचा सौदा मोडतो, असे याचे कथासूत्र. ‘गोल्डन बॉय’मध्ये हातची गेलेली भूमिका जणू दहा वर्षांनी वेगळ्या रूपात गारफिल्ड यांच्याकडे आली. प्रमुख अभिनेत्यासाठीच्या ऑस्करचे नामांकन त्यांना या चित्रपटासाठी लाभले. याच वर्षी एलिया कझान दिग्दर्शित ‘जंटलमन्स अग्रीमेंट’ या ज्यूद्वेषावरील चित्रपटात, विषयाचे महत्त्व ओळखून, त्यांनी लहानशी भूमिका स्वीकारली. या चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले.

पोलॉन्स्की यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला ‘फोर्स ऑफ इव्हिल’ (१९४८) आकड्यांच्या जुगारावर आधारित आहे. गारफिल्ड यांनी यात जुगाराच्या धंद्याला कायदेशीर रूप देऊ पाहणाऱ्या वकिलाची भूमिका केली. धंदा आणि गुन्हा यांतील सीमारेषा किती पुसट असते, हे या चित्रपटाने दाखविले. प्रदर्शनाच्या वेळी तो फारसा चालला नाही. १९९४ मध्ये मात्र अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी त्याची निवड झाली.

काळी यादी : कायद्याविना शिक्षा

येथे दोन संस्थांमधील फरक स्पष्ट करणे इष्ट होईल. मॅकार्थी हे सिनेटचे सदस्य होते आणि त्यांची मोहीम फेब्रुवारी १९५० मध्ये सुरू झाली. हॉलिवूडची चौकशी केली ती प्रतिनिधिगृहाच्या ‘अमेरिकाविरोधी कारवाया समिती’ने आणि तिची हॉलिवूडविषयक जाहीर सुनावणी ऑक्टोबर १९४७ मध्येच झाली होती. दहा साक्षीदारांनी घटनेच्या पहिल्या दुरुस्तीचा, म्हणजे विचार व अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा, आधार घेऊन उत्तरे देण्याचे नाकारले. त्यांच्यावर अवमानाचा ठपका ठेवण्यात आला. या सुनावणीस विरोध करण्यासाठी स्थापन झालेल्या ‘पहिल्या दुरुस्तीसाठी समिती’मध्ये हम्फ्री बोगार्ट, लॉरेन बकॉल व जॉन ह्यूस्टन यांच्यासमवेत गारफिल्डही सहभागी होते.

नोव्हेंबर १९४७ मध्ये प्रमुख निर्मात्यांनी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात बैठक घेतली आणि त्या दहा जणांना काम न देण्याचे व कम्युनिस्टांना जाणूनबुजून नोकरीवर न ठेवण्याचे जाहीर केले. काळ्या यादीचा आरंभ येथून मानला जातो. ही यादी शासनाने काढलेली नव्हती आणि तिला कायद्याचा आधार नव्हता. खाजगी मालकांनी आपापसांत पाळावयाचा हा संकेत होता. त्यामुळे तिच्याविरुद्ध दाद मागण्यासाठी ठिकाणच उरत नव्हते. जून १९५० मध्ये ‘रेड चॅनल्स’ ही पुस्तिका प्रसिद्ध झाली. नभोवाणी, दूरचित्रवाणी व मनोरंजन क्षेत्रातील १५१ व्यक्तींची नावे आणि त्यांनी कधी कोणत्या सभेस, पत्रकास वा निधीस पाठिंबा दिला याची जंत्री तीत होती. तीत गारफिल्ड यांचे नाव होते.

परिणाम लगेच दिसू लागला. हेमिंग्वे यांच्या ‘टू हॅव अँड हॅव नॉट’ या कादंबरीवर आधारित ‘द ब्रेकिंग पॉइंट’ (१९५०) हा गारफिल्ड यांच्या उत्कृष्ट चित्रपटांपैकी एक. परंतु वॉर्नर ब्रदर्सने त्याच्या प्रसिद्धीकडे दुर्लक्ष केले. पुढील वर्षी प्रदर्शित झालेला ‘ही रॅन ऑल द वे’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. त्याच्या पटकथेत डाल्टन ट्रंबो यांचा सहभाग होता, पण काळ्या यादीमुळे त्यांचे नाव श्रेयनामावलीत येऊ शकले नाही.

२३ एप्रिल १९५१ ची साक्ष

समितीने १९५१ मध्ये हॉलिवूडविषयक सुनावणी पुन्हा सुरू केली. या वेळी साक्षीदारांसमोरची परिस्थिती अधिक बिकट होती. पहिल्या दुरुस्तीचा आधार निरुपयोगी ठरला होता, कारण ‘हॉलिवूड टेन’च्या प्रकरणात हस्तक्षेप करण्यास सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये नकार दिला होता. पाचव्या दुरुस्तीनुसार स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क शिल्लक होता. मात्र तो वापरणारा आपोआप काळ्या यादीत जाई. स्वतःविषयी सांगावे व इतरांविषयी मौन पाळावे, हा सुसंस्कृत माणसाला सुचणारा मार्गही फेब्रुवारी १९५१ मधील ‘रॉजर्स विरुद्ध संयुक्त संस्थाने’ या निर्णयाने अरुंद झाला. स्वतःच्या सहभागाची कबुली दिल्यावर त्याच विषयातील अन्य नावांबाबत मौनाचा हक्क उरत नाही, असा या निर्णयाचा आशय होता. म्हणजे, पूर्वी पक्षात असलेल्या माणसापुढे इकडे आड तिकडे विहीर अशी स्थिती होती.

गारफिल्ड यांची अडचण याहून निराळी होती. ते पक्षाचे सदस्य कधीच नव्हते. २३ एप्रिल १९५१ रोजी त्यांनी पाचव्या दुरुस्तीचा आश्रय घेतला नाही. आपण कम्युनिस्ट नाही व कधी नव्हतो, कम्युनिझमला आपला विरोध आहे, असे त्यांनी शपथेवर सांगितले. त्याचबरोबर, चित्रपटसृष्टीतील कोणी कम्युनिस्ट आपल्या परिचयाचा नाही, असेही ते म्हणाले. समितीच्या सदस्यांना हे पटले नाही. खोट्या साक्षीच्या दृष्टीने त्यांच्या जबानीची पुढे छाननी सुरू झाली आणि संघीय अन्वेषण विभागाचे लक्ष त्यांच्यावर राहिले.

या साक्षीचे मूल्यमापन सावधपणे करावे लागते. स्वतःविषयी ते जे बोलले ते खरे होते. इतरांविषयी ते जे बोलले ते शब्दशः स्वीकारणे कठीण आहे, कारण पत्नीची पूर्वीची राजकीय ओळख त्यांना ज्ञात नसणे संभवत नाही. परंतु प्रश्न माहितीचा नव्हता. समितीला हवी असलेली अनेक नावे तिच्याजवळ आधीच होती. तिला हवी होती ती नावे घेण्याची कृती. जाहीर शरणागतीचा विधी. गारफिल्ड यांनी सर्व काही देऊ केले, तेवढी एक गोष्ट सोडून.

एक चित्रपट, अनेक वाटा

‘बॉडी अँड सोल’शी संबंधित व्यक्तींचे पुढे काय झाले, हे पाहिल्यास काळ्या यादीची कार्यपद्धती अधिक स्पष्ट होते. लेखक पोलॉन्स्की यांनी गारफिल्ड यांच्यानंतर दोनच दिवसांनी, २५ एप्रिल १९५१ रोजी, समितीपुढे पाचव्या दुरुस्तीचा आधार घेतला. त्यानंतर त्यांच्या दिग्दर्शनाखालील पुढचा चित्रपट प्रदर्शित झाला तो १९६९ मध्ये. दिग्दर्शक रॉसेन यांनी १९५१ मध्ये नावे सांगण्याचे नाकारले. दोन वर्षे काम न मिळाल्यावर १९५३ मध्ये ते पुन्हा समितीपुढे गेले आणि पन्नासहून अधिक नावे त्यांनी सांगितली. पुढे ‘द हसलर’ (१९६१) सारखा चित्रपट ते करू शकले. नायकाच्या आईची भूमिका करणाऱ्या, ऑस्कर विजेत्या ॲन रिव्हिअर यांनी मौन पत्करले आणि सुमारे दोन दशके त्या पडद्यावरून नाहीशा झाल्या. कृष्णवर्णीय अभिनेते कॅनडा ली यांनाही काम मिळेनासे झाले होते. ९ मे १९५२ रोजी वयाच्या ४५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

बोललेल्यास काम व न बोललेल्यास बंदी, एवढे हे समीकरण सरळ नव्हते. अभिनेते लॅरी पार्क्स यांनी मार्च १९५१ मध्ये कबुली दिली, नावेही सांगितली, तरी त्यांची चित्रपट कारकीर्द सावरली नाही. अर्थात, या व्यवस्थेत सुटकेची खात्री देणारा नियम कोणताच नव्हता. अनिश्चितता हेच तिचे मुख्य शस्त्र होते.

अखेरचे वर्ष

हॉलिवूडमध्ये काम मिळेनासे झाल्यावर गारफिल्ड न्यूयॉर्कच्या रंगभूमीकडे परतले. मार्च १९५२ मध्ये ओडेट्स यांनी ‘गोल्डन बॉय’ पुन्हा रंगभूमीवर आणले आणि पंधरा वर्षांपूर्वी हुकलेली भूमिका अखेर गारफिल्ड यांनी केली. याच सुमारास कलाक्षेत्रातील स्नेहबंध एकेक करून तुटत होते. १० एप्रिल १९५२ रोजी एलिया कझान यांनी समितीपुढे ग्रुप थिएटरमधील आठ जुन्या सहकाऱ्यांची नावे घेतली. त्या आठांत गारफिल्ड यांचे नाव नव्हते. पक्षाच्या त्या गटात वावरलेल्या माणसाच्या साक्षीतही ते नव्हते, ही बाब महत्त्वाची आहे. १९ व २० मे रोजी ओडेट्स यांनीही जाहीर साक्ष देऊन नावे सांगितली.

गारफिल्डही आतून खचले होते. आपल्या भाबडेपणाचा डाव्यांनी उपयोग करून घेतला, अशा आशयाचा एक लेख ‘लुक’ या नियतकालिकासाठी तयार होत होता. त्याच्या नियोजित शीर्षकात मुष्टियुद्धातील डाव्या हाताच्या ठोशावर श्लेष साधलेला होता. मुष्टियोद्ध्याच्या भूमिकेने प्रसिद्धी पावलेल्या अभिनेत्याने स्वतःच्या पराभवाचे केलेले हे वर्णन प्रसिद्ध होऊ शकले नाही. २१ मे १९५२ रोजी न्यूयॉर्कमध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ३९ वर्षांचे होते. अंत्यविधीच्या वेळी हजारो लोक रस्त्यावर जमले होते. ज्याला काम द्यायला निर्माते धजत नव्हते, त्याला प्रेक्षकांनी नाकारले नव्हते, हे त्या गर्दीवरून दिसून येते.

काळ्या यादीने गारफिल्ड यांचा बळी घेतला, असे विधान अनेकदा केले जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबणे योग्य. हृदयविकार त्यांना पूर्वीपासून होता आणि मृत्यूचे वैद्यकीय कारण तोच होता. मानसिक ताणाने तो बळावला असणे शक्य आहे, परंतु त्याचे माप काढता येत नाही. निःसंशयपणे सिद्ध होते ते एवढेच की, ऐन उमेदीतील एका अभिनेत्याला त्याच्या आयुष्याचे अखेरचे वर्ष चित्रपटाविना काढावे लागले. आरोप सिद्ध करण्यासाठी तेवढेही पुरेसे गंभीर आहे.

समारोप

गारफिल्ड यांच्या जीवनपटावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, त्यांचा अभिनय आणि त्यांचे दुर्दैव यांचा उगम एकाच ठिकाणी होता. स्थलांतरितांची वस्ती, महामंदीतील भटकंती व ग्रुप थिएटर यांनी त्यांना कष्टकरी माणसाचा चेहरा दिला. वॉर्नर ब्रदर्सने तो चेहरा विकून नफा मिळविला आणि काळ बदलल्यावर त्याच चेहऱ्याकडे पाठ फिरविली. दुसरा निष्कर्ष असा की, अभिव्यक्तीवर नियंत्रण आणण्यासाठी प्रत्येक वेळी कायदा करावा लागत नाही. शासकीय समितीने प्रश्न विचारावेत, खाजगी प्रकाशकाने यादी छापावी आणि मालकांनी काम देणे थांबवावे; प्रत्येकाने आपल्यापुरते थोडे केले की शिक्षा पूर्ण होते आणि जबाबदार मात्र कोणीच राहत नाही. तिसरा निष्कर्ष असा की, अशा वातावरणात मधला मार्ग सर्वांत आधी बंद होतो. गारफिल्ड हे हुतात्मा नव्हते, क्रांतिकारक तर नव्हतेच. त्यांना काम करावयाचे होते आणि मित्रांची नावे घ्यावयाची नव्हती. एवढ्या साध्या दोन इच्छा एकत्र नांदू नयेत, यातच त्या काळाचे स्वरूप दिसते.

सन १९६० मध्ये ‘एक्झोडस’ व ‘स्पार्टाकस’ या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत डाल्टन ट्रंबो यांचे नाव उघडपणे झळकले आणि काळ्या यादीची पकड सुटू लागली. १९७५ मध्ये ती समितीही बरखास्त झाली. वगळलेल्या लेखकांची नावे नंतरच्या काळात त्यांच्या जुन्या चित्रपटांना पुन्हा जोडता आली. अभिनेत्याच्या बाबतीत अशी दुरुस्ती शक्य नसते. न केलेल्या भूमिका मागाहून कोणत्याही श्रेयनामावलीत घालता येत नाहीत.